धाकटीचा निळा रंग

"एक की दोन?" सरांनी दारातूनच विचारलं.

मी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला नाही. "अजून बघतेय, सर."

"बघ. पण शुक्रवारी मला नोट पाठवायचीय. त्यात 'बहुतेक' हा शब्द चालणार नाही."

ते गेले. आमचं ऑफिस म्हणजे रत्नागिरीत एका दुमजली घराच्या वरच्या दोन खोल्या. एका खोलीत सर आणि फायली, दुसरीत मी, एक मायक्रोस्कोप आणि कपाटभर वाळवलेली अळंबी. वारा फिरला की मिरकरवाडा बंदरातल्या मासळीचा वास थेट टेबलावर यायचा. मला नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. काम आवडत होतं, कारण अळंबी बोलत नाहीत आणि त्यांच्याशी बोलावंही लागत नाही.

प्रश्न दोन दातेरी अळंब्यांचा होता. नेहमीच्या अळंबीची छत्री उलटी केली तर खाली पुस्तकाच्या पानांसारख्या पातळ पट्ट्या दिसतात. दातेरी अळंबीला पट्ट्या नसतात. त्याजागी मऊ, बारीक दात खाली लोंबत असतात. मांजराच्या जिभेवरून बोट फिरवलं तर जसं लागेल तसं ते ओलं असताना लागतं. या दातांवर बीजाणू तयार होतात. बीजाणू म्हणजे अळंबीचं बी, पण इतकं बारीक की हजारो एकत्र आले तरी चिमूटभर धूळच वाटावी.

आमच्या भागात या घराण्यातल्या दोन बहिणी असाव्यात असा सरांना अंदाज होता. दोघींची लॅटिन नावं लांबलचक आहेत. इथे मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणते. थोरली पांढरट, आखूड दातांची. धाकटी किंचित पिवळसर, लांब दातांची, हाताला चिकट. दोघीही दुर्मीळ, कारण दोघींना एकच गोष्ट लागते: जंगलात पडलेलं आणि वर्षानुवर्षं कुणी न उचललेलं जुनं लाकूड. कोकणात असं लाकूड राहतच नाही. झाड पडलं की आठ दिवसांत त्याचं सरपण होतं. राहतं फक्त देवराईत, कारण तिथली काडीसुद्धा देवीची. ती घरात आणायची नाही, चुलीत घालायची नाही. थोरली आम्हाला चार देवरायांत मिळाली होती. धाकटी त्यातल्या फक्त एका ठिकाणी, देवरूखच्या पुढच्या एका गावातल्या देवराईत, खालच्या अंगाला आडव्या पडलेल्या बेहड्याच्या एका झाडावर.

त्याच खालच्या अंगातून रस्ता जायचा होता.

रस्ता वाईट कारणासाठी नव्हता, हे आधी सांगायला हवं. डोंगरावरच्या वाडीत गाडी पोचत नव्हती. आजारी माणूस डोलीत घालून खाली आणावा लागे. रस्त्याच्या दोन आखण्या होत्या. एक देवराईच्या खालच्या भागातून, सोपी. दुसरी वरून वळसा घालून, लांबची, मध्ये कातळ फोडावा लागणारी. रस्त्याचं काम पाहणारे साळवीसाहेब आमच्या ऑफिसात येऊन सरांसमोर बसले होते.

"मला झाडं पाडायची हौस नाही, डॉक्टर," ते सरांना म्हणाले होते. "पण वरची लाईन घ्यायची तर मला कारण पाहिजे. गावाने देवीला कौल लावला, तो उलटा आला, हे मी फाईलवर लिहू शकत नाही. इथे असं काही आहे जे दुसरीकडे नाही, एवढं तुम्ही लेखी द्या. मी वरची लाईन घेतो."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी फाईलकडे बघितलं.

म्हणून 'एक की दोन' हा प्रश्न होता. धाकटी ही थोरलीचंच वयस्क रूप असेल, तर जी गोष्ट आणखी तीन देवरायांत आहे ती इथे गेली तरी नोटमध्ये लिहिण्यासारखं काही नाही. धाकटी वेगळी असेल, तर ती फक्त इथेच आहे. मग खालचा भाग वाचतो.

नमुने मी स्वतः आणले होते. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात गेले होते. गावात उतरायची सोय एकच, देवीच्या गुरवांचं घर. दाजी गुरव सत्तरीचे, कमी ऐकू येणारे, त्यामुळे जे बोलत ते मोठ्याने. घरात त्यांची सून सुशीलावहिनी. नवरा मुंबईला, गणपतीला येणार होता, त्याच्या वाटेकडे घराचे डोळे लागलेले. मला स्वयंपाकघराच्या शेजारची खोली दिली होती.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. घरी मराठीच, पण ती आईवडिलांशी बोलण्यापुरती. परक्या माणसांसमोर माझी वाक्यं आखडतात. वहिनींच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं.

"ताई, तुमी बोलता म्हंजे पोस्टकारड," त्या म्हणाल्या. "जागा संपंल म्हनून जपून."

मी हसले.

"हसनं बी आखडतं घेतलानी," त्यांनी दाजींना ओरडून सांगितलं. दाजींना ऐकू गेलं नाही, पण तेही हसले.

देवराईत दाजी माझ्याबरोबर आले. आत शिरताना त्यांनी मला चपला काढायला लावल्या. मग पायांकडे बघून म्हणाले, "जळवा हायत, पन देवीच्याच." बेहडा पडून त्यांच्या आठवणीतच पंचवीस-तीस वर्षं झाली होती. खोडात हात घातला तर कोपरापर्यंत जाईल इतका मऊ झाला होता. एका बाजूला थोरली, दुसऱ्या टोकाला धाकटी. धाकटीचे चारच गुच्छ होते. त्यातला एक घ्यायला मी देवीची परवानगी दाजींकडून मागून घेतली. त्यांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, "घेवा. तुमी जाळनार नाय ना."

अडचण वाळवण्याची आली. अळंबी ओली ठेवली तर दोन दिवसांत सडते. ती ऊब देऊन हळूहळू वाळवायची असते. त्यासाठी माझ्याकडे एक पत्र्याची पेटी होती, आत वात, वर जाळी. त्या पावसात तिची वात भिजली, मग पेटतच नव्हती. मी ओटीवर बसून काडीमागून काडी ओढत होते. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या.

"आना हिकडं," शेवटी त्या म्हणाल्या. "चुलीवर ताटी हाय. सुकटं सुकवतो, तुमची आळंबी काय सुकायची नाय?"

चुलीवर बांबूची ताटी टांगलेली होती. वहिनींनी थोरली एका बाजूला, धाकटी दुसऱ्या बाजूला ठेवली. मी कागदावर नंबर लिहून दोघींशेजारी ताटीत खोचले. चुकीने अदलाबदल होऊ नये एवढीच मला काळजी होती. ती झाली नाही. वहिनी लिहायला-वाचायला शिकलेल्या होत्या आणि हात माझ्यापेक्षा नेटका होता. त्यांची त्याच वेळी मोदकांच्या पिठीची गडबड चालली होती. तांदूळ धुऊन सुकवलेले, जातं घुमत होतं, घरभर बारीक पांढरं पडत होतं. मी ते पाहत होते. गणपतीची तयारी म्हणून पाहत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. नमुने कडकडीत वाळले होते. वहिनींनी दोन पुड्या बांधून दिल्या, नंबराचे कागद वर लावून. मी पिशवी खांद्याला लावली तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, ती पिवळी हाय ना, तिला मी काय केलं, जरा—"

खालच्या वळणावर एसटीचा भोंगा वाजला. ती गाडी गेली तर पुढची संध्याकाळी. शिवाय मला निरोप घ्यायला कधीच जमत नाही. कुणी दारापर्यंत येऊन बोलायला लागलं की मला पळावंसं वाटतं.

"हो, हो. चालेल, वहिनी," मी म्हटलं आणि उतरायला लागले.

तर बुधवारी मी ऑफिसात स्लाईड लावून बसले होते. दोघींत फरक करायची त्या वेळी आमच्याकडे एकच भरवशाची चाचणी होती, आयोडीनची. बीजाणूंवर आयोडीनच्या द्रावणाचा थेंब सोडायचा. थोरलीचे बीजाणू निळे-काळे होतात. धाकटी वेगळी असेल तर तिचे बीजाणू निळे होता कामा नयेत, साधे फिकट पिवळे राहायला हवेत. पुस्तकात दूरच्या एका नातेवाइकाबद्दल तसं लिहिलेलं होतं.

आधी थोरलीची स्लाईड. निळी. अपेक्षित.

मग धाकटीची. पुडीच्या तळाशी पांढरी धूळ साठली होती. मला आनंद झाला. वाळताना बीजाणू गळतात, ते असे सापडले की काम सोपं होतं. चिमूटभर धूळ घेतली, थेंब सोडला, काच ठेवली. त्या दिवशी वीज येत-जात होती. मी मायक्रोस्कोपचा आरसा खिडकीकडे फिरवून उजेड घेतला.

निळे. गर्द निळे. थोरलीपेक्षाही गर्द.

मी दुसरी स्लाईड केली, मग तिसरी. सगळ्या निळ्या. वहीत मी तारीख टाकून लिहिलं: 'निळे. आकार साधारण थोरलीएवढा. थोडे कोनेदार.' थोरलीचे बीजाणू गोल असतात. हे कोनेदार होते, चारी बाजूंनी दाबल्यासारखे. मी पेन थांबवून त्या शब्दाकडे बघत राहिले. मग पुढे कंसात लिहिलं: 'वाळवणीमुळे?'

सर आले तेव्हा मी सांगितलं, "निळे आहेत."

"म्हणजे एक."

"दात खूपच लांब आहेत, सर. रंगही वेगळा आहे. आणि ती चिकट असते, थोरली नसते."

"दात वयाने वाढतात. चिकटपणा पावसाने येतो." त्यांनी स्वतः डोळा लावून पाहिलं. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, दिसत कमी होतं. ते बराच वेळ वाकून होते. "निळे आहेत," ते म्हणाले. "माझी इच्छा वेगळी होती, मुली. पण इच्छा नोटमध्ये लिहिता येत नाही."

"कोनेदार वाटतात मला."

"वाटतात की आहेत?"

मला छातीठोकपणे 'आहेत' म्हणता आलं नाही. 'मला आणखी एक आठवडा द्या, मी परत जाऊन दुसरा नमुना आणते' हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. ते आधी इंग्रजीत आलं, मग मराठीत, आणि दोन्ही भाषांत तोंडातच राहिलं. शुक्रवारी नोट गेली. त्यात खालच्या भागात 'अन्यत्र न आढळणारी कोणतीही प्रजाती नाही' असं वाक्य होतं. ते मी टाईप केलं होतं.

साळवीसाहेबांचा फोन आला. आवाजात सुटका झाल्यासारखं काही नव्हतं म्हणे. "ठीक आहे, डॉक्टर. मग खालचीच घेतो," एवढंच म्हणाले असं सरांनी सांगितलं.

पुढचं फेब्रुवारीतलं. आमचे शिपाई कदम कपाटातल्या जुन्या पुड्या बदलून नवी पाकिटं चिकटवत होते. ते डिंक वापरत नसत, झुरळं खातात म्हणून. घरून तांदळाच्या पिठाची खळ शिजवून आणत आणि तिच्यात मोरचूद घालत. माझ्या टेबलावर पाकिटांचा ढीग ठेवताना त्यांचा धक्का आयोडीनच्या बाटलीला लागला. थोडं द्रावण सांडलं.

"मॅडम, हे बघा, शाई सांडली वाटतं," ते म्हणाले.

शाई नव्हती. जिथे जिथे खळ लावलेली होती, तिथे पाकिटांच्या कडा निळ्या-काळ्या झाल्या होत्या. पिठावर आयोडीन पडलं की ते निळं होतं, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. मी त्या कडांकडे बघत होते. मला चुलीवरची ताटी दिसली आणि जातं ऐकू आलं.

"कदम, घरून जरा तांदळाचं पीठ आणाल? शिजवलेलं नको, कोरडं."

"किती? घावन करायचेत काय?"

"चिमूटभर."

ते जेवणाच्या सुट्टीत घेऊन आले. मी थेंब सोडला आणि काच ठेवली. निळे, गर्द, चारी बाजूंनी दाबल्यासारखे कोनेदार कण. मी वही काढून सप्टेंबरचं पान उघडलं. माझंच अक्षर होतं.

मग धाकटीचा नमुना काढला. वरची धूळ घेतली नाही. एका दाताचा पातळ काप पात्याने काढला, पाण्यात दोनदा धुतला आणि मग आयोडीन घातलं. बीजाणू गोल होते. पारदर्शक, फिकट पिवळे, एकही निळा नाही. मी पाच स्लाईड केल्या. पाचवी खरं तर गरजेची नव्हती.

दोन होत्या.

सरांना सांगायला मला तास लागला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. त्यांचं ऑपरेशन झालं होतं, जाड चष्म्यातून डोळे मोठे दिसत होते. त्यांनी स्वतः पाहिलं आणि या वेळी लगेच मान वर केली.

"गोल आहेत," ते म्हणाले. "स्वच्छ दिसतायत. तेव्हा मी डोळ्यावर भरवसा ठेवायला नको होता." मग त्यांनी जुन्या नोटची फाईल पुढे ओढली. "दुरुस्तीची नोट लिही. आजच."

"रस्ता..."

"तरी लिही."

मी लिहिली. 'पूर्वीच्या नोटमधील निष्कर्ष सदोष आहे.' सदोष कुणामुळे, हे लिहायला त्या कागदात जागा होती. सरांनी तिथे स्वतःचं पद लिहिलं आणि सही केली. मी त्यांना थांबवलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी त्या गावात गेले. एसटी आता वळणावर थांबली नाही, पुढे थोडी वर गेली. जांभ्याचा लालभडक कच्चा रस्ता वाडीच्या दिशेने चढत होता आणि निम्म्यावर नवं डांबर होतं. देवराईचा खालचा भाग जिथे होता तिथे ऊन पडलं होतं. त्या जागेवर ऊन मी पहिल्यांदाच पाहत होते. या वेळी चपला काढायची जागा मला सापडली नाही.

दाजी ओटीवर बसले होते. मी त्यांच्या कानाजवळ जाऊन बेहड्याचं विचारलं.

"तो काय," ते मोठ्याने म्हणाले. "देवीचा वासा. गावात कुनी घेयना घरात. मंग ठेकेदारानं नेलान. डांबराच्या भट्टीत घातलान." मग म्हणाले, "भिजका व्हता. पेटंना. दोन दिस नुसता धूर."

मी मान हलवली.

"आमचा कौल उलटा पडलेला," ते म्हणाले. "तुमचा सुलटा पडला म्हनं."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते फक्त माहिती विचारत होते, एका देवळातल्या माणसाने दुसऱ्या देवळातल्या माणसाला विचारावी तशी.

वहिनींनी चहा आणला. त्या मला बघून खूश झाल्या होत्या. रस्त्याबद्दल सांगत होत्या. वरच्या वाडीतली एक बाई मागच्या महिन्यात बाळंतपणात अडली, तिला जीपमधून नेलं, आई-बाळ सुखरूप. ते खरं होतं, आणि मी ते नीट ऐकलं. मग मी विचारलं. वाक्य घरून पाठ करून आणलं होतं.

"वहिनी, गणपतीच्या आधी ती पिवळी अळंबी वाळवताना तुम्ही तिला काही लावलं होतं का?"

"लावलं ना. पिठी," त्या म्हणाल्या. "ताटीला चिकटत व्हती. काढताना दात तुटले असते तिचे. म्हनून पापडाला लावतो तशी जराशी मोदकाची पिठी लावली. पांढरीला नाय लावली, ती कोरडी व्हती." मग माझ्याकडे बघून, "तुमाला सांगत व्हते की मी. तुमी म्हनलात, चालंल."

"हो," मी म्हटलं. "म्हटलं होतं."

"का? काय बिघडलं काय?"

त्यांच्या हातात कपबशी होती. त्या खरंच विचारत होत्या. चार गुच्छांपैकी माझ्याकडे आलेला तो एक इतका अखंड वाळला होता, एकही दात न मोडता, की असा नमुना मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

"नाही," मी म्हटलं. "दात छान राहिले."

"मंग झालं," त्या म्हणाल्या.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. थोरली बाकीच्या तीनपैकी दोन देवरायांत अजून आहे. तिसरीचं लाकूड एका पावसात वाहून गेलं. धाकटी आम्ही दर पावसाळ्यात शोधतो, देवरूखपासून वर पार दापोलीच्या बाजूला बुरोंडीच्या मागच्या झाडीपर्यंत. सापडलेली नाही. कपाटात जो एक गुच्छ आहे, तोच आहे. दातांच्या फटींत अजून थोडी पिठी आहे. मी ती काढलेली नाही.

आमच्या नमुन्याच्या फॉर्मवर मी एक रकाना वाढवला: 'वाळवणी कुणी केली, कशावर, काय लावून?' नवीन माणसं हा रकाना मोकळा सोडतात. मी फॉर्म परत पाठवते. ते कारण विचारतात, मी पद्धत आहे म्हणून सांगते.

रकान्यात न मावणारी एक गोष्ट मात्र मी त्यांना तोंडाने सांगते. नमुना हातात देणारा माणूस काही बोलत असेल, तर पिशवी खाली ठेवायची आणि एसटी जाऊ द्यायची. संध्याकाळी दुसरी असते.